एकशे चौसष्टचा मान

करुणाच्या नर्सिंग कॉलेजात यंदा स्वयंअध्ययनाचं वारं शिरलं होतं. मॅडमनी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना सांगून टाकलं, "आपापल्या गल्लीतल्या दहा माणसांचा बीपी घ्या. पुस्तक वाचा, चुका करा, त्या स्वतःच शोधा. मी शोधल्या तर मात्र खैर नाही." यातला चुकांचा भाग आपल्याला लागू नाही, याची करुणाला खात्री होती. त्याच संध्याकाळी पांढरा एप्रन चढवून ती मुकुंदवाडीतल्या आपल्या गल्लीत खुर्ची टाकून बसली.

पहिला मान शेजारच्या गोजरबाईंचा. नळावरून भरला हंडा आणून त्या खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच करुणानं स्वेटरच्या बाहीवरूनच मशीनचा पट्टा गुंडाळला. सून रूपानं कालच्या भाजीचा कसा विचका केला हे गोजरबाई तावातावानं सांगत होत्या आणि इकडे आकडा चढत होता. एकशे चौसष्टवर तो थांबला.

"आजी, बीपी लई वाढलाय. मीठ कमी करा, आराम करा, दवाखान्यात दाखवून या," करुणानं ऐटीत सांगितलं.

तीन सल्ल्यांपैकी गोजरबाईंनी मधला तेवढा उचलला. दुसऱ्या दिवसापासून पाणी, भाकरी, धुणी सगळं रूपाच्या अंगावर पडलं आणि गोजरबाई ओट्यावर बसून आल्यागेल्याला आपला आकडा सांगू लागल्या. गल्लीत त्यांचा भाव वधारला. समोरच्या साळूबाईंना ते बघवेना. त्या तडक करुणाकडे येऊन बसल्या, पण निघाला एकशे वीस.

"तिला एकशे चौसष्ट अन् मला एकशे वीस?" साळूबाई म्हणाल्या. "माझी सून काय तिच्या सुनेपेक्षा कमी जाच करती व्हय?"

"काकू, एकशे वीस चांगला असतो."

"चांगला आसंल. पन सांगायचा कुनाला?"

चौथ्या दिवशी साळूबाई पुन्हा आल्या, त्या धापा टाकतच. या खेपेला एकशे अठ्ठावन्न भरला. चेहरा उजळला त्यांचा. जाता जाता करुणाच्या कानाशी लागून म्हणाल्या, "गोजरीनं एक हंडा आनला व्हता ना, म्या दोन आनले."

करुणानं तिथंच पुस्तक उघडलं. पाच मिनिटं शांत बसवावं, दंड उघडा असावा, बोलू देऊ नये. हे नियम तिला तोंडपाठ होते आणि गोजरबाईंच्या वेळी तिनं तिन्ही धाब्यावर बसवले होते. आकडा वहीत तसाच ठेवला असता तर मॅडमना पत्ताही लागला नसता. कबूल केलं, तर उद्यापासून गल्लीतलं कुणी तिच्यापुढे हात धरणार नव्हतं. ती अगदी रडायच्या बेतात आली. तेवढ्यात समोरून दोन हंडे घेऊन वाकलेली रूपा गेली, आणि करुणा उठलीच, ती थेट गोजरबाईंच्या ओट्याकडे.

"आजी, त्या दिवशी चूक झाली. पुन्हा मोजायचा."

"चूक मशीनची आसंल."

"नाय आजी, माझीच."

गोजरबाईंनी कुरकुरत स्वेटर उतरवला. त्या पाच मिनिटं गप्प बसणार हे ऐकून अर्धी गल्ली बघायला जमली. निघाला एकशे अठरा. साळूबाईंना हसू लपवता येईना.

"आरामानं उतरला बघ," गोजरबाई कशाबशा म्हणाल्या.

एवढ्यात रूपानं हात पुढे केला. "करुणा, माझाबी बघ की गं. पंधरा दिवस झालं, डोकं लई ठणकतंय."

करुणानं तिला टेकून बसवलं, पाच मिनिटं बोलू दिलं नाही, उघड्या दंडावर पट्टा बांधला. थोडं थांबून दुसऱ्या हाताचाही घेतला. दोन्हीकडे एकशे बासष्ट. आता चूक कुठंच नव्हती.

"वहिनी, उद्या सकाळी माझ्यासोबत दवाखान्यात यायचं. आजी, तोवर हिला कामाला हात लावू द्यायचा नाही. विचारत नाहीये मी, सांगतेय."

गोजरबाई सुनेकडे बघतच राहिल्या. महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं असावं. त्या घाबरल्या होत्या, हे साळूबाईंनाही दिसलं.

"पन आत्याबाई, भाकरीचं..." रूपा उठू लागली.

"तू गप पडून ऱ्हा," गोजरबाई पदर खोचत म्हणाल्या. "बोललं की चढतो, म्हनती ही. बोलायचं मी बघते."