खाली सही पद्माकररावांची

पद्माकररावांनी बायकोला इंग्रजी शिकवायला घेतलं त्याला दीड महिना झाला होता, आणि अजून एकदाही भांडण झालं नव्हतं. नागरवाड्याच्या त्यांच्या आळीत सगळ्यांना याचंच नवल वाटत होतं. दिवाळीत दोघं लेकीकडे, नीराकडे, इंग्लंडला जाणार होती. तिथल्या नातवाशी आजीला चार वाक्यं तरी बोलता यावीत, म्हणून हा खटाटोप.

पद्धत पद्माकररावांची स्वतःची. आधी सर्वनाम, मग भूतकाळी क्रियापद, शेवटी क्रियाविशेषण. रोज चार-पाच वाक्यं लिहायची, तीही काल घडलेली आणि खरी. "खोटं वाक्य लक्षात राहत नाही," असं ते म्हणत. वत्सलाबाईंना इंग्रजीतला 'ही' तर फारच सोयीचा वाटला. नवऱ्याचं नाव न घेता नवऱ्याबद्दल हवं तेवढं लिहिता येत होतं.

वही तपासायला पद्माकरराव लाल पेन घेऊन बसत. हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे मसुदे तपासले होते. एक स्वल्पविराम त्यांच्या तावडीतून सुटत नसे. मसुद्यात म्हटलंय काय, हे बघणं साहेबाचं काम. त्याच इमानानं ते वही तपासत, दहापैकी दहा देत आणि खाली झोकदार सही ठोकत.

त्या शनिवारी दोघं डॉक्टर सदानंदांकडे गेली. दुसऱ्या दिवशी जवळच्या पादरा गावी पद्माकररावांच्या मेहुण्याच्या, हेरंबच्या मुलीचं लग्न होतं. जेवणात श्रीखंड होतं, आणि साखरेचा रिपोर्ट चांगला आला तर एक वाटी श्रीखंडाला डॉक्टर हो म्हणणार होते. पद्माकररावांचा सगळा जीव त्या वाटीत अडकला होता.

"आवो काका, बेसो," डॉक्टर खुर्चीकडे हात करत गुजरातीत म्हणाले, आणि त्यांनी रिपोर्ट उघडला. "वाढलीये की. खाण्यात काही?"

"छे. सकाळी फिरायला जातो, आल्यावर बिनसाखरेचा चहा. विचारा हिला."

वत्सलाबाई खाली बघून पदर नीट करत राहिल्या.

"मग गोळ्या लागू पडत नाहीत. उद्यापासून रोज इंजेक्शन सुरू करू."

पद्माकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. सुईला ते लहानपणापासून भीत. विषय बदलावा म्हणून त्यांनी बायकोच्या पिशवीतून वही ओढली. पाठ करायला ती वत्सलाबाई सगळीकडे बरोबर नेत. "ते बघू हो. आधी हिचं इंग्रजी बघा. दीड महिन्यात तयार केलीये."

डॉक्टरांनी मधलंच पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "ही वेन्ट टु वाडी क्वाएटली. ही एट टू प्लेट्स जलेबी क्विकली. ही वाइप्ड हिज माउथ केअरफुली. ही केम होम इनोसंटली." मग त्यांनी मान वर केली. "हा 'ही' कोण, काकी?"

"आता नाव कसं घेऊ?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"काय लिहिलंयस हे भलतंच?" पद्माकरराव पुटपुटले.

"भलतंच कसं? मी वाडीच्या बाजारात शाकभाजी घ्यायला येते ना त्याच वेळी. समोरच तर दिसता."

"काका, काकींनी नुसतं 'टू प्लेट' लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले. "शेवटचा एस तुम्ही लावलाय, लाल शाईनं. आणि खाली सही तुमचीच."

पद्माकररावांनी वही हातात घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मसुद्याचा अर्थ वाचला. दीड महिन्याच्या जलेब्या तारीखवार मांडल्या होत्या. प्रत्येक पानावर दहापैकी दहा.

"अगं, मग घरी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही वाचता आणि सही करून कबूल करता. म्हटलं, माणूस चुकतो, पण लपवत तर नाही. उगाच टाकून कशाला बोलायचं?"

पद्माकररावांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त बायकोची माया आली.

"इंजेक्शन राहू द्या," डॉक्टर हसू आवरत म्हणाले. "गोळ्या बरोबर आहेत. जलेबी बंद, आणि उद्याचं श्रीखंडही. काकी, ही वही मला दर शनिवारी दाखवायची."

सोमवारी सकाळी वत्सलाबाईंनी वही पुढे ठेवली आणि त्या मेथी निवडत बसल्या. पद्माकररावांनी आता आधी अर्थ वाचला. "आय एट श्रीखंड हॅपिली. ही लुक्ड ॲट मी सॅडली. आय गेव्ह हिम वन स्पून सीक्रेटली."

तिसऱ्या वाक्यात एकही चूक नव्हती. पद्माकररावांनी ते लाल शाईनं पुरतं खोडलं, आणि खाली दहापैकी अकरा लिहून सही केली.