पुरूभाऊंचं मीटर

रिमोटचा सेल मागितला, तर साकोलीचे आमचे पुरूभाऊ आधी त्याला मीटरची लाल-काळी टोकं लावून व्होल्ट मोजतात. सेल कोरा, नुकता पाकिटातून काढलेला असला तरी. "लेबलावर काय, कोनीबी छापते," म्हणतात.

बसस्टँडमागे त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. एक यंत्र दुसऱ्याला जोडायचं म्हटलं की ठरलेलं वाक्य, "मोठ्यानं लहानाशी सीधं बोलू नये, भाऊ. लहान जळते." मग दोघांच्या मधे व्होल्ट उतरवणारी चिमुकली पट्टी बसवतात. शेजारी सासू-सुनेचं वाजलं, तेव्हा यांनी कुंपणावरून सल्ला दिला, "मधात कोनाले तरी बसवा ना!" दोघी एक होऊन यांच्यावरच तुटून पडल्या.

मला मात्र फार हसवत नाही. हे वेड त्यांना त्यांचा मुलगा, प्रशांत, गेल्यापासून लागलेलं आहे. दुकान सोडून तो नागझिऱ्याकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली जंगलमोजणीला गेला, आणि बापलेकांचं बोलणं तुटलं. मग एका सुटीच्या दिवशी साकोलीजवळ ट्रकनं त्याला उडवलं. त्या दिवशी तो इकडे कशाला आला होता, कुणालाच ठाऊक नव्हतं. खिशातल्या त्याच्या जीपीएसचा पडदा फुटला होता, पण आतली वाटेची नोंद शाबूत होती.

पुरूभाऊंनी घाईघाईत त्याची वायर थेट एका मोबाइलच्या आतल्या टोकांना जोडली. जीपीएसचे व्होल्ट जास्त. मोबाइल जळाला. पोराची शेवटची खूणही आपण जाळली असं वाटून हा माणूस दुकानात हमसून हमसून रडला. जीपीएस वाचला होता, पण त्याला हात लावायची हिंमत उरली नाही.

परवा त्यांनी मला बोलावलं. मधे पट्टी बसवलेली, दोन्हीकडचे व्होल्ट मोजून झालेले.

"तुमी जोडा, भाऊ. माह्या हातानं एक जळला आहे."

मी जोडलं. दुसऱ्या मोबाइलच्या नकाशावर ठिपके उमटत गेले. जंगलाकडचा रस्ता, बसस्टँड, मग पुरूभाऊंचं दुकान. दुकानासमोर ठिपके एकावर एक साचत राहिले, बराच वेळ. मग हायवेकडे वळले आणि तिथंच संपले.

पुरूभाऊ नकाशाकडे बघत होते.

"मी आतमधीच होतो ना. खाली मुंडी घालून सोल्डर करून राहिलो होतो," ते म्हणाले. "मान वर केली असती, तं दिसला असता."