काठीच्या जागी जावई

सामान कसं भरावं हे मला कुणी शिकवू नये! गोदामात माल चढवून घेण्याचं काम करतो मी. कुठलं खोकं खाली, कुठलं वर आणि कुठलं मुळात न्यायचंच नाही, हे नुसत्या नजरेनं सांगतो. त्यामुळे सासरेबुवांची कंबर धरली आणि सासूबाईंच्या बॅगा उचलायला माणूस उरला नाही, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "आई, मी येतो. तुम्ही फक्त फोटो काढा!"

आमच्या सासूबाई मोटारींच्या शर्यतींचे फोटो काढतात. हो, सासूबाईच! साठीला आलेल्या, गुडघे कुरकुरणारे, पण वाऱ्यासारखी जाणारी गाडी त्यांच्या डोळ्यातून सुटेल तर शपथ. मी फ्रीजमधून हळूच काही उचललं तर पाठमोऱ्या उभ्या राहून सांगतात, "झाकण लावा." मला त्या नजरेचा धाक आहे, आणि खरं सांगायचं तर फार अभिमानही आहे.

या वेळी मात्र प्रकरण नाजूक होतं. ज्या मासिकासाठी त्या वर्षानुवर्षं फोटो काढत आल्या, तिथे नवा संपादक आला होता. त्याला पुढच्या हंगामासाठी कुणीतरी 'जरा तरुण' हवं होतं. "या शर्यतीत मुखपृष्ठाचा फोटो मिळाला तर बघू," असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर दोन दिवस सासूबाईंच्या आमटीत मीठ नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी त्या तयार होत होत्या, तेवढ्यात मी बॅग उघडली. दोन कॅमेरे, तीन लेन्स. त्यातली एक तर तान्ह्या बाळाएवढी लांब आणि तितकीच सांभाळून धरायची! इथवर ठीक. पण तळाशी काय? गुडघ्यांना बांधायच्या मळक्या गाद्या, कानात घालायचे बोळे, अंघोळीची प्लास्टिकची टोपी आणि एक घडीची काठी! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे सगळं सासऱ्यांचं! बिचाऱ्यांची कंबर धरलेली आणि काठी इथे पडलेली!

मी सगळं उचलून त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं. "बाबा, तुमचं सामान चुकून आईंच्या बॅगेत गेलं होतं."

सासऱ्यांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं नाक मुळातच जरा डावीकडे झुकलेलं आहे. हसले की आणखी झुकतं. "ठेवा इथेच," ते म्हणाले. "हुशार आहात."

रिकाम्या जागेत मी थर्मास आणि सँडविच बसवले. बॅग कशी सुबक दिसत होती!

ट्रॅकवर पहिल्या गाडीनं इंजिन सुरू केलं आणि माझ्या दाढा हलल्या.

"जावईबापू, बोळे द्या!"

"कसले बोळे?"

"कानातले!"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, थर्मासभोवतीचा कागदी रुमाल काढला आणि त्याच्या गोळ्या करून कानात घातल्या. मग धूळ उडायला लागली. "कॅमेऱ्याची टोपी?" ती अंघोळीची टोपी कॅमेऱ्याची होती! त्यांनी सँडविचची पिशवी रिकामी करून कॅमेऱ्याला चढवली. सँडविच माझ्या खिशात गेले. बाई कशाला म्हणून अडत नव्हती! माझ्या गोदामात अशी एक बाई असती तर मला घरी बसवलं असतं.

"आता मोनोपॉड."

"ते काय असतं?"

"लेन्सखाली लावायची काठी!"

"आई... ती बाबांना दिली."

मोठी लेन्स त्यांनी शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवली होती, आणि ती फेरी सुरू झाली होती. दोन गाड्या चिकटून वळणाकडे येत होत्या. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा अलगद फिरवला की गाडी स्वच्छ येते आणि मागचं सगळं पुसट होतं, हे त्यांनी मला येताना समजावलं होतं. ती अजस्र लेन्स हातात धरून ते होणं शक्यच नव्हतं. माझ्यामुळे त्यांचा हंगाम जाणार होता! मला अक्षरशः रडू यायला लागलं.

"गुडघ्यांवर बसा," सासूबाई म्हणाल्या.

"माफी मागू?"

"बसा हो!"

मी खडीवर टेकलो. आई गं! गुडघ्यांच्या गाद्या कशासाठी होत्या ते त्या क्षणी कळलं. मागून माझ्या उजव्या खांद्यावर लेन्स टेकली. "श्वास सोडा. आता घेऊ नका."

घेतला नाही. पण धूळ नाकात आधीच गेली होती. गाड्या वळणावर आल्या आणि मला शिंक आली! 'आ' झालं, 'आ' मोठा झाला, तेवढ्यात सासूबाईंचा डावा हात पुढे आला आणि त्यांनी माझं नाक चिमटीत धरलं. नुसतं धरलं नाही, गाड्यांबरोबर उजवीकडून डावीकडे फिरवलं! नाकामागे डोकं, डोक्यामागे खांदे, खांद्यावर लेन्स. सगळा मी एका लयीत फिरलो. खटखटखट! गाड्या गेल्या. नाक सुटलं. मग मी असा शिंकलो, की पलीकडच्या झेंडेवाल्यानं आम्हालाच झेंडा दाखवला.

फोटो मी पाहिला. दोन गाड्या, मध्ये बोटभर अंतर, बॉनेटवरचे धुळीचे कणसुद्धा मोजून घ्यावेत असे, आणि मागे सगळं रंगांचं वाहतं पाणी. एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्यात जावयाचं नाक! पाया पडावंसं वाटलं, पण गुडघे वाकत नव्हते.

संध्याकाळी संपादकाचा फोन आला. मुखपृष्ठ नक्की, हंगामही त्यांचाच! "बाई, कॅमेरा इतका सफाईनं फिरलाय. कुठला स्टँड वापरता?"

"घरचाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "मुलीनं पसंत करून आणलाय."

माझी कॉलर ताठ झाली. मी सासऱ्यांच्या खोलीत जाऊन सगळी हकिगत ऐटीत सांगितली. त्यांनी शांतपणे काठी आणि गाद्या माझ्या हातात दिल्या.

"बाबा, ही काठी आईंची आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. तिचं अडणार नाही हेही माहीत होतं."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

सासरे हसले. नाक आणखी डावीकडे गेलं.

"काठी नंतर आली, जावईबापू," ते म्हणाले. "पहिली दहा वर्षं मी होतो."

मी आरशाकडे धावलो.