पोरं कराडला झोपतात

"तुमची पोरगी आज कराडला झोपली," आण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मी तिला सांगलीत त्यांच्या घरी सोडून ड्यूटीला गेले होते!

आण्णा म्हणजे आमच्या गल्लीतले रिटायर एसटी कंडक्टर. अंगाई त्यांना एकही येत नाही. पोर मांडीवर घेतात आणि सांगली-सातारा गाडीचे थांबे म्हणत बसतात. "आष्टा... पेठ नाका... कासेगाव... कराड..." बहुतेक पोरं कराडपर्यंत गार होतात. शेजारचा बंड्या तेवढा रोज जागाच साताऱ्याला पोचतो. मग "परतीचं तिकीट मागतंय बेणं," म्हणत आण्णा उलटे थांबे सुरू करतात.

मी नर्स. आज सकाळची ड्यूटी, उद्या दुपारची. नवरा कुपवाडला कारखान्यात, त्याचीही शिफ्ट बदलती. तेव्हा बाळंतपणाची रजा संपत आलेली, ओवी आठ महिन्यांची. पाळणाघरं बघून बघून पाय दुखले. एक संध्याकाळी सहाला कुलूप लावणार, दुसरं वर्षाच्या आतलं मूल घेईना, तिसऱ्याची फी म्हणजे माझा अर्धा पगार. आण्णा आणि त्यांची बायको शांताकाकू मात्र तासावर पोरं सांभाळतात. "जेवढा प्रवास तेवढंच तिकीट," हा आण्णांचा कायदा.

मी पडले फटकळ. बाटल्या कशा उकळता, हात कशानं धुता, आजारी पोर वेगळं ठेवता का, सगळं विचारलं. आण्णांनी निमूट उत्तरं दिली आणि मग माझीच तपासणी सुरू केली. "दूध कवा पिती? न्यायला कोन कोन येनार, नावं सांगा. दुसऱ्या कुनाला पोरगी मिळायची न्हाई." पुढं माझ्या सख्ख्या दिरालाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"आणि मला उशीर झाला तर?"

"आवं, शेवटचा पॅसेंजर उतरल्याबिगर कंडक्टर घरला जातो व्हय?"

नोकरी वाचली. पण एक भीती मी कुणाला बोलले नव्हते. दिवसदिवस आई दिसली नाही आणि पोरगी मला विसरली तर?

तिसऱ्या आठवड्यात तेच झालं. लागोपाठ जादा ड्यूट्या लागल्या होत्या. मी हात पुढं केले, तर ओवीनं तोंड फिरवलं, आण्णांचा सदरा घट्ट धरला आणि भोकाड पसरलं. असा राग आला मला! "तुम्हीच लाडावून ठेवलीय," ताडकन बोलले. आण्णांनी सदऱ्यावरची तिची मूठ हळूच सोडवली आणि तिला माझ्याकडं दिली.

चार दिवसांनी मी लवकर सुटले. दारात चपला काढतेय, तर आतून आण्णांचा आवाज. ओवी मांडीवर, हातात मोबाईल, मोबाईलवर माझा फोटो.

"ही कोन? आई. लय दमून येती बघ. आली की हसायचं, तोंड फिरवायचं न्हाई. काय? पुन्ना बघ, ही कोन?"

शांताकाकू मला बघून हळूच म्हणाल्या, "चार दिस झालं, ह्योच धडा चाललाय."

मी आत गेले. ओवीनं फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात टाकून माझ्याकडं झेपावली. मी सरळ रडले. पोरगी उराशी धरून म्हटलं, "आण्णा, चुकलंच माझं. त्या दिवशी नको ते बोलले."

"आवं, त्यात काय." आण्णा चष्मा पुसायला लागले. "आमची लता दीड वर्साची हुती. मी सदा मुक्कामाच्या गाडीवर, आठ-आठ दिस घर न्हाई. एकदा घरला आलो, तर ही पोरगी आईच्या पदरामागं दडली, आन मला बघून म्हनाली, 'मामा आला.'"

सांगताना ते हसायला गेले, पण हसू काही आलं नाही.