रिसाल्यातल्या तलवारी

आमच्या देवपुरात बायका गाद्यांना ऊन दाखवायच्या. शेजारचे नाना तलवारींना. अंगणात बाज टाकायची, तिच्यावर रिसाल्यातल्या, म्हणजे घोडदळातल्या, जुन्या तलवारी एकेक निजवायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचं, "म्यानमा त्यासना जीव घाबरस." जीव घाबरायचा तो माझा. मी सरकारी कारकून, आमची दोघांची भिंत एक, आणि नानांकडे एकाही तलवारीचा परवाना नाही.

घरात नाना एकटेच. भाजीला फोडणी नसली तरी चाले, तलवारींना तिळाचं तेल रोज. बोदवडपर्यंतचे भंगारवाले त्यांना ओळखत. चांदीच्या मुठीची तलवार कोणी फुकट देऊ केली तरी हे तोंड फिरवणार. सरकारी रिसाल्यातल्या स्वाराचीच हवी. स्वतः मात्र टांग्याचं घोडं दिसलं की रस्त्याची बाजू बदलत.

बेचाळीसच्या धरपकडीत हत्यारं जमा करण्याची दवंडी पिटली आणि माझी झोप उडाली. पांझरा नदीत टाकून या, म्हणून मी नानांच्या विनवण्या केल्या. नाना ढिम्म. खंडेनवमीला सकाळी पोलीस चौकीचा जमादार दारात येऊन उभा राहिला, तर यांनी सगळ्या तलवारी पाटावर मांडून वर झेंडू वाहिलेला. 

"पूजा मांडेल शे, जमादार. आज हालाडता येस नही."

जमादार इथलाच. त्याने तलवारींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बूट काढले आणि कुंकू वाहून उद्या येतो म्हणून निघून गेला. आता नाना पळणार आणि मला चौकशीला नेणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

दसऱ्याला तो आला तेव्हा नानांनीच तलवारींचं बोचकं बांधून ठेवलं होतं. हुज्जत नाही, काही नाही. चौकीवर मीही सोबत गेलो. बोचकं आत गेलं, मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण नाना जागचे हलेनात.

"मना पोऱ्या पहिली लढाईमा गयथा, रिसालामा," ते हळूच म्हणाले. "तो परत उना नही. ह्या बठ्ठ्या तलवारी पाह्यात, यामा त्यानी नही. अशा पोऱ्यासन्या तलवारी सरकार कोठे ठेवस, भाऊ?"

 जमादाराने मान खाली घातली. वर विचारून सांगतो, म्हणाला.

नानांनी ते खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी धुतलेली टोपी घालून ते चौकीच्या पायरीवर जाऊन बसू लागले. ते दिसले की जमादार मागच्या दाराने आत जायचा.