फोटो क्रमांक चौदा

"अर्जदाराने आजवर एकदाही परदेश प्रवास केलेला नाही, असे अर्जात लिहिले आहे," मोबाइलवर आलेलं इंग्रजी पत्र संस्कृती मराठी करून वाचत होती. "मात्र फोटो क्रमांक चौदामध्ये अर्जदार व तिचे पती बर्फाच्या डोंगरासमोर उभे आहेत. हा प्रवास कधी आणि कोणत्या व्हिसावर केला, याचा खुलासा तीस दिवसांत करावा."

तात्यासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "बर्फाचा डोंगर? आपण तर शिर्डीच्या पुढं गेलो नाही."

"गोकुळनं कॉम्प्युटरवर टाकलेला, तात्या. लग्नाच्या अल्बममधलं स्वित्झर्लंड."

"मग तसं कळवून टाक. गोकुळनं टाकलाय म्हणावं."

"तेवढ्यावर भागत नाही. खाली लिहिलंय, खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं. पाच वर्षं हा आकडा त्या घरात कुणालाच झेपण्यासारखा नव्हता. अभय कॅनडातल्या विनिपेगहून अठरा दिवसांची रजा काढून आला, बीड बायपासच्या लॉन्सवर लग्न झालं, राहिलेले दिवस देवदर्शनात आणि पाहुण्यांच्या जेवणावळींत गेले आणि तो परत विमानात बसला. त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. संस्कृतीच्या संध्याकाळी आणि त्याच्या सकाळी दोघं एकमेकांना मोबाइलवर बघायचे. तो पोहे करायचा, ती मीठ किती घालायचं ते सांगायची. संसार म्हणावा असं त्यांच्याकडे एवढंच होतं.

तिचं हे ताटकळणं आणखी अवघड करण्यात तात्यासाहेबांचा हातभार मोठा होता. अर्ज पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सिडकोतल्या सभागृहात लेकीचा निरोप समारंभ उरकून घेतला. 'कॅनडा प्रस्थानाबद्दल हार्दिक शुभेच्छा' असा फ्लेक्स चौकात लावला. त्यावर संस्कृतीपेक्षा तात्यासाहेबांचा फोटो मोठा होता. कॅनडाला निघालेल्या मुलीनं खासगी शाळेत शिकवणं शोभत नाही, म्हणून तिला नोकरीही सोडायला लावली. पुढे उन्हानं फ्लेक्सवरचा तिचा चेहरा उडून गेला आणि ती मात्र तिथंच राहिली. भाजी आणायला निघाली, की कुणीतरी विचारायचंच, "अगंबाई, तू अजून इथंच?" गेल्या महिन्यापासून बायकांनी त्यात आवाज खाली करून आणखी एक वाक्य घातलं होतं, "जावयाचं सगळं ठीक आहे ना?" तेव्हापासून ती स्कार्फनं तोंड बांधूनच स्कूटी बाहेर काढू लागली.

तात्यासाहेबांना या साऱ्याचं फार दुःख होतं. आपण लोकांत तोंडावर पडलो, हे त्यातलं मुख्य दुःख. एका सरकारी कार्यालयात त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती आणि 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे' हे वाक्य त्यांनी जन्मात जितक्या वेळा लिहिलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही लिहिलं नसेल. विधवेच्या अर्जावरही लिहिलं आणि आंधळ्याच्या अर्जावरही. आता सातासमुद्रापलीकडून कुणीतरी तेच वाक्य त्यांना लिहून पाठवलं होतं, तेही फार सभ्य इंग्रजीत.

व्हिसाची कागदपत्रं बघणारे याह्याभाई शहागंजात बसायचे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तात्यासाहेब, मी काय सांगितलं होतं? वीस फोटो. सादे फोटो. तुम्ही तर पूरा अल्बमच भेजून दिला."

"अर्जाला वजन पाहिजे का नाय? वीस फोटोंची फाइल मी असतो तर उघडलीच नसती."

"वो लोग वजन नै देखते, मियाँ. वो लोग बघतात." याह्याभाईंनी सुस्कारा सोडला. "अब एक काम करा. फोटोग्राफरकडून लिहून आणा. डोंगर झूठा, शादी सच्ची. बस. एक लाइन का काम है."

एका ओळीचं काम तात्यासाहेबांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

गोकुळचा स्टुडिओ बजाजनगरला होता. कामगारांच्या वसाहतीतली निम्मी लग्नं, बारशी आणि पासपोर्ट साइज फोटो त्याच्याच हातून जायचे. काम सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला.

"काका, झूठा डोंगर म्हणू ऱ्हायले तुम्ही? तुमीच मला म्हणले, जावई परदेशातला हाय, पोरीच्या मागं कूलर दिसाया नको. मी तीन रात्री बसून तो बरफ बसवला. दोघाच्या बुटावर बी थोडाथोडा टाकला."

"बुटावर टाकला म्हणूनच अडकलो ना बाबा," तात्यासाहेब म्हणाले. "आता बॉण्डपेपरवर लिहून दे."

गोकुळ प्रामाणिक माणूस होता आणि बॉण्डपेपरला भिणारा होता. शपथेवर लिहायचं तर सगळंच लिहायला पाहिजे, उद्या पोलीस दारात यायला नकोत, असा त्यानं विचार केला. दोन दिवस बसून त्यानं चार पानं लिहिली, वकिलाकडून इंग्रजी करून घेतली, नोटरी केली आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं. तात्यासाहेबांनी न वाचता सही ठोकली. तेहतीस वर्षांची सवय होती.

संध्याकाळी संस्कृतीनं ते स्कॅन करून याह्याभाईंना पाठवलं. तिनंही पहिलं पान तेवढं पाहिलं, कारण अभयचा फोन आला होता आणि पोह्यात हळद जास्त झाली होती. याह्याभाईंनी वाचलं असतं, पण ते भाचीच्या लग्नाला परभणीला गेले होते आणि त्यांच्या ऑफिसातल्या मुलीनं आलेला कागद पुढे धाडून दिला.

दुसरं पत्र एकविसाव्या दिवशी आलं. ते वाचताना संस्कृतीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"छायाचित्रकाराच्या शपथपत्राबद्दल आभार. त्यानुसार फोटो चौदामधील डोंगर खोटा आहे. फोटो बावीसमध्ये वधुपित्याच्या डोक्यावरील केस नंतर लावले आहेत."

तात्यासाहेबांचा हात आपोआप डोक्यावर गेला.

"फोटो एकतीसमध्ये दिसणारे वधूचे मामा लग्नातून रागावून निघून गेले होते, त्यांना दुसऱ्या लग्नातून आणून बसवले आहे. फोटो चाळीसमध्ये स्टेजवर असलेले आमदार कार्यक्रमाला आलेले नव्हते." संस्कृती थांबली. "तात्या, आमदार आले नव्हते?"

"येणार होते," तात्यासाहेब म्हणाले.

"आणि फोटो नऊमध्ये वराचे डोळे मिटलेले असल्याने त्याचा चेहरा दुसऱ्या फोटोतून काढून लावला आहे." तिनं स्क्रीन खाली सरकवली. "वरील बाबी पाहता, विवाहाच्या वेळी वर स्वतः हजर होता काय, याविषयी आमची खात्री होऊ शकत नाही. ज्यात कोणताही बदल केलेला नाही आणि पती-पत्नी एकत्र आहेत, असे छायाचित्र पंधरा दिवसांत सादर करावे. ही शेवटची संधी समजावी."

बातमी वैजापूरला पोहोचायला वेळ लागला नाही. तात्यासाहेबांची थोरली बहीण दगडाबाई दुपारच्या बसनं आली आणि चप्पल काढायच्या आधीच बोलती झाली. "व्हय रं तात्या, जावई लग्नाला नव्हता म्हणत्यात? मी तर त्याला माझ्या हातानं हळद लावली. मग ती कुणाला लावली?"

"तुझा फोटो हाय का हळद लावताना?" तात्यासाहेबांनी आशेनं विचारलं.

"हाय की. पण माझ्यापुढं तूच उभा ऱ्हायला होता."

हे फक्त हळदीपुरतं नव्हतं. सगळे मिळून गोकुळच्या स्टुडिओत गेले आणि त्यानं जपून ठेवलेले मूळचे चौदाशे फोटो एकेक करून बघायला बसले. अंतरपाटाच्या फोटोत मध्ये तात्यासाहेब होते. हार घालताना मध्ये तात्यासाहेब, हार नीट पडला की नाही ते बघताना. सप्तपदीत ते गुरुजींना पुढचं पाऊल कुठं ते दाखवत होते. घास भरवताना जावयाचा हात त्यांनी धरला होता. जिथं ते नव्हते तिथं त्यांनी पुढे ढकललेले सोयगावचे कुणी सरपंच किंवा पतसंस्थेचे कुणी चेअरमन होते. साडेअकराशे फोटो संपले, तरी नवरा-नवरी दोघंच असा एक फोटो निघेना.

"लग्न तुमचं होतं का काय?" आई शांतपणे म्हणाली. सत्तावीस वर्षांत तिनं तात्यासाहेबांना इतकं स्पष्ट पहिल्यांदाच विचारलं होतं. त्यांनी गोकुळला पंख्याचा वेग वाढवायला सांगितला.

"एक फोल्डर ऱ्हायलं," गोकुळ चाचरत म्हणाला. "कॅन्सलचं. काकांनी बाद केलेले हायेत त्यात."

त्या फोल्डरमध्ये जेवताना तोंड उघडं राहिलेले पाहुणे होते, पाठमोरी करवली होती, आणि मग तो फोटो आला. लॉन्सच्या मागची बाजू. जनरेटरची गाडी, उष्ट्या पत्रावळींचा ढीग, एक गळका कूलर. त्यासमोर अभय फेटा काखेत मारून एक गुडघा टेकून बसला होता. संस्कृतीच्या सँडलचा पट्टा तुटला होता आणि तो मुंडावळ्यांचा दोरा तोडून पट्टा बांधत होता. तोल जाऊ नये म्हणून तिनं त्याच्या डोक्यावर हात टेकला होता आणि ती हसत होती. डोळे दोघांचेही उघडे होते. मध्ये कुणी नव्हतं.

संस्कृतीनं स्कार्फचं टोक डोळ्याला लावलं.

"हा मीच बाद केला होता," तात्यासाहेब पुटपुटले. "जावई पोरीच्या पायाशी बसलेला. पाहुण्यांनी बघितलं तर काय म्हणतील, म्हणलं."

"मीच म्हणले व्हते तुला," दगडाबाई म्हणाली, "का हे बरं दिसत नाय." मग तिनं पडद्यावर जरा वाकून बघितलं. "आता बरं दिसाया लागलंय."

घरी आल्यावर तात्यासाहेबांची तब्येत पूर्ववत झाली. त्यांनी नगरसेवकाचा दाखला, लॉन्सच्या मालकाचं पत्र, गुरुजींचा जबाब आणि लग्नपत्रिकेच्या सात प्रती असा गठ्ठा तयार केला. वर परिशिष्टांची यादी जोडली. संस्कृतीनं गठ्ठा हातात घेतला आणि तो तसाच दिवाणाखाली सरकवला.

"तात्या, या वेळेला वजन नको."

"अगं, नुसता एक फोटो? त्यात कूलर हाय. पत्रावळ्या हायत. आपली काय इभ्रत..."

"माझा नवरा आहे त्यात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी तात्यासाहेब खुर्चीत मागे सरकले. "तुमची इभ्रत सांभाळायला मी तोंड बांधून फिरले. शाळा सोडली. आता हे मी पाठवणार, माझं मी."

तिनं खाली तीनच ओळी लिहिल्या. माझी सँडल तुटली होती. यांनी बांधून दिली. हा फोटो वडिलांना आवडला नव्हता, म्हणून यात काहीही बदल केलेला नाही. याह्याभाईंनी त्या वाचल्या आणि म्हणाले, "बेटा, मी इतकी वर्षं ये काम करू राहिलो, इतकं साफ कुणी लिहिलं नै." मग त्यांनी स्वतः बटण दाबलं.

सव्वा महिन्यानं व्हिसा आला. या खेपेला फ्लेक्स लागला नाही. लावू दिला नाही, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. चिकलठाण्याच्या विमानतळावर तिघंच गेले होते. संस्कृतीनं स्कार्फ काढून आईच्या हातात दिला, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. तात्यासाहेब काचेपलीकडे बराच वेळ बघत राहिले. तिनं वळून हात केला तेव्हा ते नेमके नाक पुसत होते.

आठ दिवसांनी तिचा फोटो आला. नदी गोठून पांढरी झाली होती. दोन जाडजूड कोटांत ती आणि अभय उभे होते, आणि दोघांच्या बुटांवर बर्फ होता. तात्यासाहेबांनी तो फोटो घराण्याच्या, गल्लीच्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. पहिला फोन दगडाबाईचा आला.

"तात्या, गोकुळनं या टायमाला बरफ जरा जास्तच घातला रं."

"अक्का, हा खरा हाय."

"आसंल, आसंल," दगडाबाई समजुतीनं म्हणाली. "पोरगी कुठं ठिवली मग? सोयगावच्या पाव्हण्यांकडं?"

निवृत्तांच्या ग्रुपवर तर एकानं स्टुडिओचा नंबरच मागितला, त्याच्याही मुलीसाठी असाच बर्फ हवा होता. दोन दिवस तात्यासाहेब ज्याला-त्याला खरं पटवून देत फिरले. बोर्डिंग पास दाखवला, तिकीट दाखवलं. लोक सगळं बघायचे, मान डोलवायचे आणि गोकुळच्या कामाचं कौतुक करायचे. आपण घातलेल्या केसांचा आणि आमदारांचा हिशेब असा चुकता होतोय, हे त्यांच्या लक्षात येत होतं, पण ते कुणापाशी बोलण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घर फारच रिकामं वाटायला लागलं, तेव्हा ते बजाजनगरला गेले. गोकुळ त्यांना बघून जरा दचकलाच.

"काका, आता कशाचं शपथपत्र?"

"शपथपत्र नाय." तात्यासाहेबांनी मोबाइल पुढे केला आणि बोटानं फोटो मोठा केला. "हिच्या बाजूला थोडी जागा हाय बघ. तिथं मला बसव."

गोकुळनं फोटो नीट निरखला. "मधी बसवू का? दोघांच्या मधी बी सरकवता येतंय."

"नको, मधी नको," तात्यासाहेब घाईनं म्हणाले. "कडंला. जरा मागं घेतलास तरी चालंल."

गोकुळनं संगणक चालू केला. तात्यासाहेबांचा जुना फोटो शोधून त्यानं डोक्याकडे बोट दाखवलं, "आन् केस, काका?"

"ऱ्हाऊ दे. आहे तसाच घे."

"बरं. कोट घालू का?"

तात्यासाहेबांनी पुन्हा एकदा त्या पांढऱ्या नदीकडे बघितलं.

"घाल," ते म्हणाले. "थंडी लई हाय तिथं, म्हणती."