तात्पुरतं वर आलेलं तळघर

ज्या वर्षी एव्हारिस्त आणि ओदिल बिल्यो यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्याच वर्षी सप्टेंबरातल्या वादळानं त्यांचं घर नेलं. समारंभाचा अर्धा केक फ्रीजमध्ये ठेवला होता, तोही गेला. आठवड्याभरानं फ्रीज दूर उसाच्या शेतात सरळ उभा असलेला सापडला. केक आत होता. घर मात्र कुठेच नव्हतं.

"पुढच्या वेळी आपण फ्रीजमध्येच राहू," ओदिल म्हणाली.

सरकारनं दोघांना राहायला चाकांवरची एक पत्र्याची खोली दिली. बायू पेर्दूच्या खाडीकाठी अशा खोल्यांची रांगच लागली होती. उन्हाळ्यात त्या भट्टीसारख्या तापत आणि पावसात आतलं बोलणं आतल्या माणसाला ऐकू येत नसे. ओदिलचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी तिला जिने चढू नका, मीठ खाऊ नका, काळजी करू नका असं सांगितलं होतं. त्यांतलं मीठ तिनं सोडलं. नवऱ्याला तिनं एकच गोष्ट मागितली होती.

"ह्या डब्यात मी मरायची नाही. माझ्या घरात, माझ्या पलंगावर एकदा झोपव मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

एव्हारिस्तनं जन्मभर कोळंबी पकडायच्या होड्या बांधल्या होत्या. त्यानं होडी बांधावी तशा हौसेनं, माणसाच्या उंचीपेक्षाही उंच खांबांवर, पुन्हा घर उभं केलं. वसंत संपायच्या आत छप्पर चढलं, पलंगही वर गेला. आता फक्त राहण्याचा दाखला मिळायचा होता, आणि दाखला मिळायच्या आधी सभा झाली.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. वादळानंतर घरं कशी बांधावीत हे ठरवण्यासाठी समुद्रापासून दूर, उत्तरेकडच्या मिनेसोटाहून हॉल्वर्सनबाई नावाच्या तज्ज्ञ आल्या होत्या. बाई मनानं चांगल्या होत्या, आणि तेच पुढे महागात पडलं. त्यांनी पडद्यावर दोन नकाशे दाखवले. एका नकाशात त्यांचा मुलूख होता. तिथे जवळपास प्रत्येक घराला तळघर होतं, आणि तिथे समुद्राचं वादळ आजवर एकदाही आलं नव्हतं. दुसऱ्या नकाशात आमची खाडी होती. इथे एकाही घराला तळघर नव्हतं, आणि वादळ दर दोन-चार वर्षांनी येत होतं.

"निष्कर्ष स्पष्ट आहे," बाई म्हणाल्या.

तो स्पष्ट होताच. व्यायामशाळेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की इथे टोमॅटोचं रोप लावायला खुरपं मारलं तरी खाली पाणी लागतं. म्हणून तर इथे मेलेल्यांनाही जमिनीत न पुरता वर सिमेंटच्या पेटीत ठेवतात. नाहीतर मोठा पाऊस झाला की आजोबा स्वतःच उठून घरी यायचे. पण सभेनंतर जेवण होतं, आणि कोपऱ्यातल्या पातेल्यातून गंबोचा, म्हणजे सॉसेजच्या दाट रश्श्याचा, वास सुटला होता. प्रत्येकाला वाटलं, बोलायचं ते दुसरा कुणीतरी बोलेल. आपण कशाला वाईटपणा घ्या, तोही पाहुण्यांसमोर आणि जेवायच्या आधी.

"ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा," अध्यक्ष थियोफिल म्हणाले.

एव्हारिस्त हात मांडीवर ठेवून बसला होता. ओदिलनं त्याला कोपरानं ढोसलं. "कर की वर. दाखला अडवतील नाहीतर."

त्यानं हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला: नव्यानं बांधलेल्या प्रत्येक घराला तळघर असल्याशिवाय राहण्याचा दाखला मिळणार नाही. त्या दिवशीचा गंबो खरंच चांगला झाला होता.

इमारत निरीक्षक होता रेमी, एव्हारिस्तच्या बहिणीचा मुलगा. मामाच्या होडीवरून उड्या मारतच तो पोहायला शिकला होता. नवी टोपी घालून तो तपासणीला आला आणि खांबांच्या मधली जमीन न्याहाळत उभा राहिला.

"मामा, इथे तळघर दिसत नाही."

"तुझ्या घरी आहे?"

"माझं घर वादळात पडलं नाही. त्यामुळे ते सुरक्षित असण्याची गरज नाही."

"रेम्या, लहानपणी तू इथे खड्डा खणून खेकडे पकडायचास. विसरलास?"

"मला ठाऊक आहे हो सगळं," रेमी टोपी काढून म्हणाला. "पण मला ठाऊक असणं नियमात बसत नाही."

एव्हारिस्तनं खणायला घेतलं. गुडघ्याइतकं खणेपर्यंत पाणी आलं आणि पाण्याबरोबर खेकडेही आले. त्यानं पंप लावला आणि उपसलेलं पाणी शेजारच्या क्लेबेरच्या आवारात सोडलं. क्लेबेरचाही खड्डा चालू होता. त्यानं आपल्या पंपानं ते पाणी पलीकडच्या विधवेच्या आवारात सोडलं, तिनं पुढच्या घरी. असं करत ते पाणी गावभर फिरून चर्चच्या मागून पुन्हा एव्हारिस्तच्या खड्ड्यात येऊ लागलं. पंचायतीच्या अहवालात याची नोंद 'पाणी उपसण्याच्या कामात संपूर्ण गावाचा सहभाग' अशी झाली.

शेवटी सगळ्यांनी एकदम पंप चालवून पाणी खाडीत सोडलं. खाडीलाही दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं, म्हणून ती जरा वर आली. पण तेवढ्या अवधीत एव्हारिस्तनं खड्ड्यात काँक्रीटची पेटी ओतून घेतली. तळ, चार भिंती, वर झाकण, आणि एका टोकाला आत उतरायचं दार. काम पुरं झाल्यावर त्यानं पेटीभोवती एक चक्कर मारली आणि तो बायकोला म्हणाला, "जन्मात एवढी पक्की होडी मी बांधली नव्हती."

"होडीच आहे ती," ओदिल म्हणाली. "पाऊस येऊ दे, कळेल."

ऑगस्टात तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या सकाळी सबंध गावात कण्हल्यासारखा आवाज झाला आणि जमिनीतून तळघरं वर आली. क्लेबेरचं वाकडं वर आलं. विधवेचं तर आवारातून घसरून रस्त्यावर येऊन बसलं. ते तिथे का उभं केलं म्हणून तिला नोटीस मिळाली. एव्हारिस्तचं मात्र खांबांच्या मधोमध, अगदी सरळ वर आलं आणि जमिनीवर येऊन थांबलं.

रेमी आला, टेप लावून मोजू लागला आणि मध्येच थांबला. "मामा, तळघर जमिनीखाली पाहिजे."

"होतंच ना खाली. तूच पाहिलंस."

"मग आता वर का आलं?"

"त्यालाच विचार. शिकलेलं तळघर आहे, मिनेसोटाचं."

प्रश्न हॉल्वर्सनबाईंकडे गेला. बाई दोन दिवस विचारात पडल्या. शेवटी त्यांनी निवाडा दिला की बांधकामात दोष नाही, जमिनीनं सहकार्य केलेलं नाही. म्हणून अशा सर्व पेट्या 'तात्पुरती वर आलेली तळघरं' या वर्गात धराव्यात. शिवाय ती घराच्या खाली आहेतच. घर मुळात इतकं उंच होतं की त्याच्याखाली काहीही असू शकलं असतं.

"झालं तर मग," एव्हारिस्त म्हणाला. "दे दाखला."

"एक राहिलं," रेमी बुटांकडे बघत म्हणाला. "प्रात्यक्षिक. भोंगा वाजला की रहिवाशांपैकी निदान एकानं तळघरात जायचं आणि धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत बाहेर यायचं नाही. बाहेर आलात तर नापास."

"आणि दुसरा भोंगा कधी वाजणार?"

"तो थियोफिलसाहेबांच्या हातात आहे."

पहिला भोंगा सकाळी वाजला. एव्हारिस्त एक खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन पेटीत जाऊन बसला. थियोफिल भोंगा वाजवून कॉफी प्यायला गेले. तिथे त्यांना कुणीतरी मासेमारीच्या गप्पांत गुंतवलं आणि दुसरा भोंगा राहूनच गेला. पेटीत अंधार होता, उकाडा होता, आणि माणसाचं वय ऐंशीकडे झुकलं की पाण्याची बाटली आत नेणं हा शहाणपणा नसतो. दुपार व्हायच्या सुमारास एव्हारिस्त बाहेर आला आणि खांबाआड गेला. रेमी तिथेच डबा खात बसला होता.

"मामा, बाहेर आलात."

"अरे, लघवीला आलो."

"ते नियमात..." रेमीनं पुढचं वाक्य घासाबरोबर गिळलं. "पुन्हा तारीख घ्यावी लागेल."

पत्र्याच्या खोलीत ओदिल उशीला टेकून बसली होती. तिला हल्ली आडवं झालं की श्वास पुरत नसे. खिडकीतून तिला नवं घर दिसे, वरची खिडकी दिसे, आणि त्या खिडकीतून तिच्या पलंगाचं डोकं. नवऱ्यानं सगळी हकिगत सांगितली तेव्हा ती इतकी हसली की त्याला घाबरून तिची पाठ चोळावी लागली.

"तुझ्यानं व्हायचं नाही ते," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशीसुद्धा तू चर्चमधून दोनदा बाहेर गेला होतास. मी जाईन. मी एकदा गेले की बाहेर येणार नाही."

"काहीतरी बोलू नकोस."

"का? एवढं सिमेंट ओतलंस. फुकट घालवायचं का?"

"सरळ वरच नेतो तुला. उचलून नेतो. बघू कोण अडवतं."

"रेमी अडवेल. आणि अडवताना रडेल. पोराला कशाला त्रास." मग ती म्हणाली, "त्या पेटीला आतून चुना मारशील का रे? सिमेंटचा वास मला सोसत नाही."

ऑक्टोबराच्या शेवटी आमच्याकडे थडग्यांना चुना मारतात. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, थडगं पांढरं नसलं तर शेजारी बोलतात. स्मशानातली निम्मी थडगी आदल्या वर्षीच्या वादळानं वाहून गेली होती आणि उरलेल्यांना पंचायतीनं कुलूप लावलं होतं, कारण मेलेल्यांना किती खोल ठेवायचं याचा नियम अजून तयार होत होता आणि तोवर दफन बंद होतं. चुना मात्र लोकांनी सवयीनं भिजवून ठेवला होता. हातात कुंचला आणि समोर सिमेंटची उघडी पेटी, मग आमच्या माणसाचा हात थांबेल कसा? दोन दिवसांत खाडीकाठची सगळी तळघरं पांढरीशुभ्र झाली. कुणी वर शेवंतीची फुलं ठेवली, कुणी मेणबत्ती. एव्हारिस्तनं पेटी आतूनही रंगवली.

हॉल्वर्सनबाईंनी ती रांग बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. "लोकांनी योजना मनापासून स्वीकारली," असं म्हणत त्यांनी पुष्कळ फोटो काढले. पुढे त्या फोटोंना कुठेतरी बक्षीसही मिळालं.

फुलं अजून सुकली नव्हती, तोवर एका दुपारी, पत्र्याच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून ओदिल गेली. एव्हारिस्त चुलीवर तिच्यासाठी बिनमिठाचा भात ढवळत होता. भात वाढून तो ताट घेऊन वळला तेव्हा त्याला कळलं.

स्मशानाला कुलूप होतं. पाद्री म्हणाले, नियम येईपर्यंत थांबा. दफन करून देणारा म्हणाला, थांबता येतं, पण तिला शहरातल्या शीतगृहात ठेवावं लागेल. एव्हारिस्तनं दोघांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन शवपेटीच्या सुतारकामाला बसला. तळघराला दार होतंच. आत चुन्याचा वास होता, सिमेंटचा नव्हता. गावच्या बायकांनी बटाट्याचं सॅलड आणलं, क्लेबेरनं अकॉर्डियन वाजवलं, आणि ओदिल बिल्यो आपल्या घराच्या तळघरात गेली. सगळे गाणं म्हणत असताना थियोफिलना एकदम रडू फुटलं आणि काय करावं ते न सुचून त्यांनी जाऊन भोंगा वाजवला. तो पहिला समजायचा की दुसरा, हे कुणी विचारलं नाही.

रेमीनं टोपी काढून काखेत धरली. मग त्यानं खिशातून तपासणीचा कागद काढला आणि मामाच्या खांबावर टेकवून लिहिलं: 'प्रात्यक्षिक समाधानकारक. एक रहिवासी तळघरात. बाहेर आलेली नाही.' खाली सही केली आणि राहण्याचा दाखला मामाच्या हातात दिला.

"मामी पास झाली, मामा."

"ती पहिल्यापासून माझ्यापेक्षा हुशार," एव्हारिस्त म्हणाला.

त्या संध्याकाळी तो एकटाच वर राहायला गेला. झोपताना त्यानं पलंगावरून पाय खाली सोडून टाचेनं खालच्या फळ्यांवर दोनदा ठोकलं, आणि पुढेही रोज ठोकत राहिला.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढ्या मोठ्या सभेत एकही माणूस कसा बोलला नाही. तसं आम्हालाही वाटतं, आणि आम्ही तर हात वर करून तिथे बसलो होतो. वास चांगला येत असला की हात आपोआप वर जातो. पुढची सभा तुमच्या गावात असेल तेव्हा बघा. जेवण तेव्हाही गरमच असेल.

ओदिल बिल्यो त्या वर्षी नोव्हेंबरच्या सहा तारखेला वारली. एव्हारिस्त बिल्यो पुढच्या वर्षी मार्चमध्ये, उपासाचा काळ सुरू होतो त्या राख-बुधवारच्या आदल्या दिवशी वारला. तळघरात जागा होती. नियम अजून हयात आहे.